पहिली मासेमारी बोट: सेंटर कन्सोल घ्यावी की वॉकअराउंड?

मे महिन्यातल्या एका शनिवारी आईला घेऊन आम्ही न्यू जर्सीतल्या लिओनार्डोच्या रॅम्पवरून बोट पाण्यात सोडली. आई भारतातून आठच दिवसांपूर्वी आली होती. किनाऱ्यावर ऊन छान तापलेलं, सगळे टी-शर्टवर. रॅरिटन बेमध्ये दोन मैल आत गेलो आणि वारा सुटला. मेच्या सुरुवातीला तिथलं पाणी जेमतेम 13 अंश असतं आणि त्यावरून येणारा वारा हाडांत शिरतो. आमची तेव्हाची बोट 21 फुटी सेंटर कन्सोल. आडोसा म्हणाल तर कन्सोलवरची हातभर काच, तिच्यामागे एक माणूस मावतो. आईने शाल डोक्यावरून घेतली. तासाभराने तिने माझ्या बायकोच्या कानात हळूच विचारलं, "इथे बाथरूमचं काय करता गं?" काहीच करत नव्हतो, कारण सोयच नव्हती. स्ट्राइप्ड बास मासे चांगले लागत होते, तरी रॉड आवरले आणि परत फिरलो.

बोट उत्तम होती. आम्ही चार मित्र जायचो तेव्हा तिच्याइतकं सोपं दुसरं काही नव्हतं. पण घरची माणसं घेऊन जायचं हे मनात पक्कं असताना मी ती घेतली होती आणि घेताना त्या माणसांचा विचारच केला नव्हता. एडिसन, पार्सिपनी, प्लेन्सबरो भागातली आपली बरीच मंडळी आता पहिली बोट घेण्याच्या विचारात दिसतात. त्यांच्यासाठी हा लेख. उदाहरणं न्यू जर्सीच्या पाण्याची आहेत, कारण मी ते पाणी ओळखतो. फ्लोरिडात राहणाऱ्यांची गणितं काही ठिकाणी बदलतील, तेही सांगतो.

आधी दोन्ही आकार डोळ्यांसमोर आणा

सेंटर कन्सोलमध्ये स्टिअरिंग, गेज आणि फिशफाइंडर बसवलेलं उभं कपाट बोटीच्या मधोमध असतं आणि चारही बाजूंना मोकळा डेक. मासा गळाला लागून बोटीला वळसा घालायला लागला की तुम्ही रॉड घेऊन त्याच्यामागे पूर्ण फेरी मारू शकता. डोक्यावर टी-टॉप, म्हणजे खांबांवरचं छोटं छप्पर, असेल तर तेवढीच सावली. साधारण 23 फुटांपासून पुढे बऱ्याच बोटींमध्ये कन्सोलच्या पोटात छोटं टॉयलेट बसवलेलं असतं. त्याहून लहान बोटीत ते असलं तरी आत शिरायला कसरत करावी लागते.

वॉकअराउंडमध्ये पुढच्या भागात बुटकी केबिन असते. आत व्ही आकाराचा बिछाना, पोर्टा-पॉटी (उचलून नेता येणारं छोटं टॉयलेट), कधी छोटं सिंक. केबिनच्या दोन्ही अंगांनी नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, जायला अरुंद, खोलगट वाट आणि बाहेरून रेलिंग. स्टिअरिंगपुढे पूर्ण रुंदीची काच, वर हार्डटॉप (पक्कं छप्पर) किंवा कॅनव्हास. मासेमारी मुख्यतः मागच्या डेकवर. ग्रेडी-व्हाइटची सीफेअरर, बोस्टन व्हेलरची कॉन्क्वेस्ट ही या जातीतली ओळखीची नावं. जाहिरातींमध्ये 'कडी केबिन' लिहिलेल्या बोटीही दिसतील. त्यांना ही बाजूची वाट नसते, नाळेवर जायला काचेतून किंवा केबिनच्या छपरावरून चढावं लागतं. हेलकावणाऱ्या पाण्यात नांगर टाकायला ते धोक्याचं आहे, म्हणून मासेमारीसाठी मी कडी केबिन सुचवत नाही.

लाटेवर बोट कशी चालते हे प्रामुख्याने खालच्या हलवर, म्हणजे बोटीच्या तळाच्या कवचावर, ठरतं, वरच्या मांडणीवर कमी. 1960 साली रे हंट या आरेखकाच्या खोल व्ही हलच्या 'मॉपी' बोटीने मायामी–नासाऊ शर्यत जिंकली आणि तेव्हापासून उघड्या समुद्राच्या बोटींचा तळ बदलत गेला. मागच्या टोकाशी तिच्या तळाचा आडव्या रेषेपासूनचा कोन 24 अंशांचा होता. आजच्या 21 ते 23 फुटी बोटींमध्ये तो बहुधा 18 ते 22 अंशांच्या दरम्यान असतो. कोन जितका जास्त, तितकी लाट मऊ कापली जाते, पण थांबलेल्या बोटीला झोलाही जास्त. अनेक कंपन्या एकाच साच्यातल्या हलवर दोन्ही प्रकार बांधतात. म्हणून "वॉकअराउंड जास्त सुरक्षित" किंवा "सेंटर कन्सोलच खऱ्या समुद्राची" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर आधी दोन्हींचा हल कोणता, ते विचारा.

पायरी 1: दहा खेपा कागदावर मांडा

डीलरकडे जाण्याआधी एक संध्याकाळ घरी बसून हे करा, आणि बायको-मुलांना शेजारी घेऊन करा. गेल्या वर्षी पार्टी बोटीवर (तिकीट काढून बरेच जण एकत्र मासेमारीला जातात ती), मित्राच्या बोटीवर किंवा किनाऱ्यावरून जितक्या वेळा मासेमारीला गेलात त्या आठवा. अनुभव नसेल तर येत्या वर्षात ज्या दहा खेपा खरोखर होतील असं वाटतं त्या लिहा. प्रत्येक खेपेपुढे पाच गोष्टी: महिना, किती तास, बरोबर कोण, कुठलं पाणी, कुठला मासा.

यात स्वतःला फसवू नका. "कधीतरी हडसन कॅन्यनला ट्यूनासाठी जाऊ" ही खेप लिहायची नाही. तो कॅन्यन किनाऱ्यापासून 80 मैलांच्या आसपास आहे आणि पहिल्या 22 फुटी बोटीने तिथे जाऊ नये. दहापैकी सात खेपांमध्ये घरचं कोणी असेल, तर उत्तर एका बाजूला झुकलेलंच आहे. सातांमध्ये फक्त रॉड धरणारे मित्र असतील, तर दुसऱ्या.

पायरी 2: बरोबरच्या माणसांचा विचार

माझ्या मते सर्वात जास्त वजन याच पायरीला द्यावं. बोट विकायला काढणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मी जी कारणं ऐकली, त्यांत "मासे मिळत नाहीत" हे कधीच नव्हतं. "घरचे येत नाहीत" हे बहुतेकदा होतं.

लहान मुलं असतील तर त्यांना दुपारी झोपायला जागा लागते. वॉकअराउंडच्या केबिनमध्ये पाच वर्षांचं मूल दोन तास शांत झोपतं. सेंटर कन्सोलवर ते टॉवेल पांघरून तुमच्या पायात झोपतं आणि तुम्ही रॉड सोडून त्याच्याकडे बघत बसता. बोट चालू असताना 13 वर्षांखालच्या मुलांनी लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे, असा अमेरिकेतला नियम आहे. डेकखाली किंवा बंद केबिनमध्ये असलेल्या मुलांना त्यातून सूट आहे. मी मात्र केबिनमधून बाहेर यायचं तर जॅकेट अंगावर, ही सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावली.

भारतातून आलेले आई-वडील असतील तर तीन गोष्टी बघा: ऊन-वाऱ्याला आडोसा, पाठ टेकायला खुर्ची आणि दार लागणारं टॉयलेट. पोर्टा-पॉटी पुरेशी असते, पण ती रिकामी करायची जबाबदारीही घ्या. बार्नेगाट बेसारख्या ठिकाणी प्रक्रिया केलेला मैलाही पाण्यात सोडायला बंदी आहे, मरीनातल्या पंप-आउटवरच रिकामी करायची.

पण सत्तरीच्या माणसाला वॉकअराउंडच्या केबिनमध्ये उतरायला दोन पायऱ्या आणि वाकून शिरणं जमतं का, हे प्रत्यक्ष बघा. आईचे गुडघे दुखत असतील तर 23-24 फुटी सेंटर कन्सोलच्या टॉयलेटचं बाजूला उघडणारं दार तिला सोपं पडू शकतं. हे शोरूममध्ये तिला नेऊनच कळेल.

पायरी 3: मासेमारीची पद्धत

रॅरिटन बेमधला एप्रिल-मेचा हंगाम घ्या. बंकर, म्हणजे मेनहेडन, हा आपल्या पाला माशासारखा तेलकट मासा. त्याचे थवे पृष्ठभागावर खळबळत असतात आणि खाली मोठे स्ट्राइप्ड बास. थवा दिसला की इंजिन हळू करायचं, नाळेवर एकाने उभं राहून गळ फेकायचा. थवा हलतो, तुम्ही हलता. इथे सेंटर कन्सोलची मोकळी नाळ म्हणजे निखळ सुख आहे, वॉकअराउंडमध्ये ही मजा अर्धी होते. ऑगस्टमध्ये किनाऱ्याजवळ स्पॅनिश मॅकरेल येतात. सुरमईच्याच कुळातले ते, चवीलाही तसेच लागतात. भराभर पळणाऱ्या त्या थव्यांमागेही सेंटर कन्सोलच बरी.

हल्ली बरेच जण नाळेवर इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर लावतात. जीपीएसवर एक बटण दाबलं की ती नांगर न टाकता बोट जागेवर धरून ठेवते. सेंटर कन्सोलवर ती बसवणं सोपं. वॉकअराउंडच्या नाळेवर रेलिंग आणि पुढे आलेली फळी असते, त्यामुळे कधी जमतं, कधी नाही. तुम्हाला ती हवी असेल तर बोट घेण्याआधी जागा मोजून घ्या.

उन्हाळ्यातला फ्लूक, म्हणजे आपल्या लेपासारखा चपटा मासा, वाहत्या बोटीवरून तळाशी आमिष घासत पकडतात. वॉकअराउंडची केबिन आणि उंच नाळ वारा धरते. बोट जास्त वेगाने वाहते, नाळ वाऱ्याखाली पडते आणि आमिष तळ सोडून उचललं जातं. यावर उपाय स्वस्त आहे: ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात सोडायची कापडी पिशवी. एवढ्या कारणासाठी वॉकअराउंड नाकारू नका. ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याला, दोन्ही बोटी सारख्याच.

बुडालेल्या जहाजांवर, कृत्रिम रीफवर सी बास किंवा टॉटॉग या माशांसाठी नांगर टाकून थांबायचं असेल तर नाळेपर्यंतची वाट महत्त्वाची ठरते. ती कशी तपासायची ते पुढे येतंच.

पायरी 4: पाणी आणि महिने

न्यू जर्सीत बोटीचा हंगाम लोक जूनपासून ऑगस्टपर्यंत धरतात. खरी मासेमारी एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची. म्हणजे उत्तम दिवस थंडीचे. थंडीत चाळीस मिनिटांचा प्रवास काचेमागे आणि काचेबाहेर, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टी-टॉपभोवती पारदर्शक कॅनव्हास लावून सेंटर कन्सोलवरही आडोसा करता येतो, पण तो चालवणाऱ्यापुरता. माझा कल इथे वॉकअराउंडकडे आहे. फ्लोरिडात याच मुद्द्यावर उत्तर उलटतं: तिथे थंडीची चिंता नाही, सावली आणि हवा हवी, आणि जाळं फेकून आमिष पकडायला मोकळी नाळ हवी. तिथल्या रॅम्पवर सेंटर कन्सोलची रांग दिसते ती उगाच नाही.

आडोशाची किंमतही आहे. नोव्हेंबरच्या संध्याकाळी परतताना काचेवर खारं पाणी उडून वाळतं आणि समोरचे लाल-हिरवे दिवे पसरट दिसायला लागतात. वायपर चालतो का, गोड्या पाण्याचा फवारा आहे का, हे वॉकअराउंड बघताना चालवून बघा.

बार्नेगाट इनलेट किंवा मॅनास्क्वान इनलेटमधून (खाडीतून समुद्रात उघडणाऱ्या अरुंद वाटेतून) समुद्रात जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बोटीच्या प्रकारापेक्षा मोठं आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना पूर्वेचा वारा समोरून आला की बार्नेगाटच्या उथळ पट्ट्यांवर लाटा उभ्या राहून फुटतात. तिथे 22 फुटी बोट कुठल्याही प्रकारची असो, पाणी वळेपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात दुपारनंतर दक्षिणेचा वारा वाढतो, तेव्हा सकाळी जा आणि दुपारी एकपर्यंत आत या.

पायरी 5: ट्रेलर, गाडी, अंगण

अमेरिकेतल्या मुख्य महामार्गांवर विशेष परवान्याशिवाय साडेआठ फूट रुंदीपर्यंतचं वाहन नेता येतं. म्हणूनच 22 ते 25 फुटी अनेक बोटींची रुंदी बरोबर तेवढीच ठेवलेली असते. रुंदीचा प्रश्न सहसा येत नाही, वजनाचा येतो. पेट्रोल एका गॅलनला साधारण 6.1 पाउंड भरतं, म्हणजे 100 गॅलनची टाकीच 610 पाउंड. 22 फुटी बोट, इंजिन, इंधन, सामान आणि ट्रेलर मिळून 6,000 ते 7,000 पाउंडांवर जाते आणि केबिनमुळे वॉकअराउंड त्यात जड बाजूला असते. आपल्या दारातल्या मिनीव्हॅनची ओढायची क्षमता साधारण 3,500 पाउंड, तीन रांगांच्या मध्यम एसयूव्हीची बहुधा 5,000. म्हणजे पिकअप किंवा मोठी एसयूव्ही हवी, नाहीतर मरीनात जागा. टाउनहाउसमध्ये राहत असाल तर एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचे, नियम आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी ड्राइव्हवेवर बोट उभी करायला मनाई असते.

इंधनाचा हिशेब याच वेळी करा. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. गॅलनला 2 मैल धरले तर 100 गॅलनच्या टाकीवर जायला 33 गॅलन, म्हणजे 66 मैल. कॅन्यनची खेप कागदावर का लिहायची नाही, ते यात आलं.

पायरी 6: बोटीवर चढून एक तास

डीलर बोलत राहील, त्याला बोलू द्या. तुम्ही हे करा.

वॉकअराउंड असेल तर पायात बोटीवर घालता तेच बूट हवेत. नांगर आणि साखळी मागून उचला, एका हातात धरा, दुसरा हात रेलिंगवर, आणि नाळेपर्यंत चालत जा. पाऊल सरळ पडतं की तिरकं टाकावं लागतं? रेलिंग मांडीला लागतं की गुडघ्याला? गुडघ्याच्या उंचीचं रेलिंग तुम्हाला अडवत नाही, उलट पाडतं. मधे रॉड होल्डर, दोरीचा खुंटा, हार्डटॉपचा पाइप आडवा येतो का? रेलिंग धरून जोरात हलवा. मुळाशी स्क्रू हलत असेल तर तिथून केबिनमध्ये पाणी झिरपत असणार. मी एका वापरलेल्या बोटीवर हे केलं तेव्हा वाट जेमतेम माझ्या पावलाएवढी होती आणि मधेच हार्डटॉपच्या पायाला वळसा घालताना अंग बाहेर झुकलं. ती बोट कोरड्या जागेवर, ट्रेलरवर उभी होती. लाटेवर काय झालं असतं ते कळलं आणि खाली उतरलो.

मग केबिनमध्ये शिरून दार लावा आणि पाच मिनिटं बसा. कुबट वास आला तर गाद्या उचला, खिडक्यांच्या खालच्या कडा बोटाने चाचपा. पोर्टा-पॉटीवर बसून बघा. संकोच करू नका, तुमच्या घरचे बसणार आहेत.

सेंटर कन्सोल असेल तर घरच्या सगळ्यांना एकदम बोटीवर चढवा आणि प्रत्येकाला बोट वेगात असताना बसता येईल अशी जागा शोधायला सांगा. नाळेवरच्या गाद्या लाटेत बसायच्या नाहीत, पुढचा भाग सर्वात जास्त आपटतो. मागे किती जण मावतात, तीच खरी क्षमता. सरकारी नियमाने क्षमतेची पाटी 20 फुटांखालच्या बोटींनाच सक्तीची आहे, मोठ्या बोटीवर हा अंदाज तुम्हालाच घ्यावा लागतो. कन्सोलच्या बाजूने दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकतात का, हेही बघा.

दोन्ही प्रकारांत, बोट वापरलेली असेल तर इंजिन लावलेली मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज हवा. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड ओलं झालं असण्याची शक्यता. डेकवर टाच दाबून चाला, कुठे लवचिक लागतं का बघा. वीस वर्षांच्या बोटीत डेकखालची ॲल्युमिनियमची इंधन टाकी गंजलेली असू शकते आणि ती बदलायला बरेचदा डेक कापावा लागतो. हे काम सर्व्हेअरवर, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञावर, सोपवा आणि तो तुम्हीच नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

पायरी 7: पाण्यावरची चाचणी

आरशासारख्या पाण्यावरची चाचणी काही सांगत नाही. 10 ते 15 नॉट वारा असलेला दिवस मागून घ्या. लाटेच्या समोर, आडवं आणि लाटेबरोबर, तिन्ही दिशांना चालवा. मग इंजिन बंद करून दहा मिनिटं नुसते वाहत राहा. त्या दहा मिनिटांत कोणाला मळमळतंय, वारा कुठून लागतोय, नाळ कुठे वळतेय हे सगळं कळतं. चाचणी संपेपर्यंत इंजिन कट-ऑफची दोरी (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी) अंगाला लावलेली ठेवा. 26 फुटांखालच्या बोटींवर 1 एप्रिल 2021 पासून तो केंद्राचा नियम आहे. न्यू जर्सीत इंजिनाची बोट चालवायला बोट सेफ्टी सर्टिफिकेटही लागतं. तो कोर्स बोट घेण्याआधीच करून टाका, पत्नीनेही करावा. तुम्हाला पाण्यात काही झालं तर बोट परत कोण आणणार?

पायरी 8: निर्णय आणि पैसे

मित्रांबरोबरच जाणार, गळ फेकायची आवड, ट्रोलिंग मोटर हवी, घरचे वर्षातून दोनदा येणार: सेंटर कन्सोल घ्या आणि ती जमेल तर 23 फुटी घ्या, म्हणजे कन्सोलमध्ये माणसाला शिरता येईल असं टॉयलेट मिळायची शक्यता वाढते. धुवायला सोपी, हंगामाअखेर आवरायला सोपी, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक लवकर मिळतं.

न्यू जर्सीत किंवा त्याच्या उत्तरेला राहता, मुलं लहान आहेत, आई-वडील येतात, एप्रिल आणि नोव्हेंबर सोडायचे नाहीत: वॉकअराउंड, आणि माझ्या मते वापरलेली. आज बाजाराचा ओढा सेंटर कन्सोलकडे आहे, त्यामुळे नीट ठेवलेली 22-23 फुटी वॉकअराउंड अनेकदा तुलनेने कमी किमतीत मिळते. वाचलेले पैसे इंजिनाच्या दुरुस्तीसाठी आणि नव्या कॅनव्हाससाठी बाजूला ठेवा. आम्ही दुसरी बोट अशीच घेतली. आईच्या पुढच्या फेरीत ती केबिनमध्ये थर्मास आणि लाडवांचा डबा घेऊन बसली, दुपारी दोनपर्यंत परत जायचं नाव नव्हतं.

पैसे देण्याआधी ट्रान्समवर उजव्या बाजूला कोरलेला 12 अक्षर-अंकांचा हल क्रमांक टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या, क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवून बघा. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, तेही मागा. आणि पहिल्या दिवशी रॅम्पवर, बोट पाण्यात सोडण्याआधी, मागच्या तळाच्या भोकात ड्रेन प्लग घट्ट बसलाय का, हे स्वतःच्या बोटांनी चाचपून बघा. दुसऱ्याने "लावलाय" म्हटलं तरीही.